संथा आणि धावपट्टी

वाशिमास विमानतळ नाहीं. तेव्हां धावपट्टीविषयीं लिहिणारा हा निवृत्त पंतोजी कोण, असें वाचकांनीं विचारल्यास त्यांचा दोष नाहीं. परंतु आमचा पुतण्या एका मोठ्या विमानतळावर गाडी चालवितो. त्यानें ही नोकरी धरली तेव्हां, खरें सांगावयाचें तर, आम्ही नाक मुरडलें होतें. शास्त्र्यांच्या घरांतला मुलगा आणि गाडीवान!

गेल्या दिवाळींत तो घरीं आला असतां त्याच्या आईनें सांगितलें, "बाळ, देवापुढें दिवा लाव, मग फराळास बस." तो चटकन् म्हणाला, "दिवा लावतों, मग फराळास बसतों." आम्ही हंसून विचारलें, "काय रे, विमानतळावर राहून पोपट झालास काय?"

"काका, या पोपटपंचीवरच तेथें माणसें जगतात," तो म्हणाला. मग त्यानें सारें समजावून दिलें. धावपट्टीच्या अलीकडे पिवळी थांबरेषा असते. मनोऱ्याच्या आज्ञेखेरीज ती ओलांडावयाची नाहीं. आलेली आज्ञा बिनतारी यंत्रावर उच्चारून दाखवावयाची. चुकल्यास मनोरा तेथेंच सुधारतो. पट्टी सोडली कीं तसें कळवावयाचें.

आम्ही चपापलों. ही तर आमची संथा! गुरूनें एकदां म्हणावें, शिष्यानें दोनदां म्हणावें, आणि स्वर चुकला तर गुरूनें तेथेंच अडवावें.

एवढी दक्षता कां, याचें उत्तर आपल्या पुण्यासच मिळतें. १५ फेब्रुवारी २०२० रोजीं लोहगांवाहून दिल्लीस निघालेलें एअर इंडियाचें विमान ताशीं सुमारें २२० किलोमीटर वेगानें धांवत असतां वैमानिकास पुढें पट्टीवर एक जीप व एक मनुष्य दिसला. त्यानें वेळेपूर्वींच विमान उचललें. शेंपटीकडील भाग पट्टीस घासला, पण विमान दिल्लीस सुखरूप उतरलें.

तथापि केवळ पाठ म्हणजे विद्या नव्हे. टोकियोच्या हानेडा विमानतळावर २ जानेवारी २०२४ रोजीं तटरक्षक दलाच्या विमानास थांबरेषेपर्यंत येण्यास सांगून 'क्रमांक पहिला' असें कळविण्यांत आलें. आज्ञा बरोबर उच्चारली गेली. परंतु कप्तानानें तिचा अर्थ पट्टीवर जाण्याची परवानगी असा घेतला. उतरणारें प्रवासी विमान त्यावर आदळलें. त्यांतील ३७९ माणसें वाचलीं. लहान विमानांतील सहांपैकीं पांच दगावलीं. यास्काचार्यांनीं निरुक्तांत अर्थहीन पठणाचा निषेध केला आहे, तो उगाच नव्हे.

आम्ही जन्मभर वर्गांत "समजलें का?" असें विचारलें, मुलांनीं "हो गुरुजी" म्हटलें, आणि आम्ही पुढचा धडा घेतला. काय समजलें तें सांग, असें किती जणांस विचारलें?

निघतांना पुतण्या पायां पडला. आम्ही म्हटलें, "शंका आली तर रेषेवरच थांब."

"शंका आली तर रेषेवरच थांबेन."

"म्हणजे काय करशील?"

"पुन्हां विचारीन, काका."

मग त्याच्या आईनें त्याच्या हातावर दहीं घातलें.