एक बैल, दोन बैल

श्रावण वद्य दशमी
संध्याकाळच्या शिकवणीत सातवीतल्या मुलीने लिहिलं, ‘राइसेस आर व्हाइट’. कारण विचारलं तर म्हणाली, “सर, घरी तांदूळ संपले म्हणतो ना आपण? संपला थोडीच म्हणतो!” तिचा हिशेब चोख आहे. मराठीत तांदूळ, पोहे, केस अनेकवचनात चालतात. इंग्रजीत राइस एकवचनी. शेजारच्या तेलुगू घरातला मुलगा ‘वॉटर आर कमिंग’ म्हणतो, कारण तेलुगूत पाणी म्हणजे नीळ्ळु आणि दूध म्हणजे पालु, दोन्ही अनेकवचनी. इंग्रजीच्या पेपरात दोघांचे गुण जातात, पण दोघेही आपापल्या भाषेचा नियम इमानाने पाळत असतात.

श्रावण वद्य द्वादशी
१९५६ च्या प्रांतरचनेत किनवट, राजुरा पलीकडच्या मराठी मुलखात गेले आणि आपलं आदिलाबाद आंध्र प्रदेशात आलं. २०१४ पासून आपण तेलंगणात. पैनगंगेच्या या काठावरच्या मराठी मुलाला घरी एक, बाजारात दुसरं आणि वर्गात तिसरं व्याकरण सांभाळावं लागतं.

आज दीडवर अडलो. आपण दीड तास, दीड रुपया म्हणतो. दोनाचे मात्र रुपये होतात. इंग्रजीत एकाच्या पुढे अर्धा गेला की लगेच ‘अवर्स’, आणि शून्य गुण मिळाले तरी ‘झीरो मार्क्स’. मुलांनी वहीत समोरासमोर दोन रकाने आखले, तेव्हा फरक नीट डोक्यात बसला.

श्रावण अमावास्या, पोळा
बैल सजवून झाल्यावर पोरांनी इंग्रजी नाव विचारलं. एक ऑक्स, दोन ऑक्सन. जुन्या इंग्रजीत असा ‘न’ लावून होणारी अनेकवचनं पुष्कळ होती. पुढे ‘स’ने बहुतेकांची जागा घेतली. शेतकऱ्याच्या तोंडी रोज असलेला ऑक्सन मात्र टिकला. चिल्ड्रनमध्येही तोच ‘न’ आहे. शीप आणि डिअर यांना जुन्या काळीही अनेकवचनाचा प्रत्यय नव्हता. हे पाठ करायला मुलं कंटाळतात, पण आपलाही बैल तसाच: एक बैल, दोन बैल. आला की आले, ते क्रियापद सांगतं. तिकडे ‘इज’ आणि ‘आर’ सांगतात. एवढं दाखवलं आणि शीपचा गोंधळ मिटला.

भाद्रपद शुद्ध द्वितीया
घरची भाषा विसरा, मग इंग्रजी येईल, असं पालकांना सांगणाऱ्यांचा मला राग येतो. मूल नवी भाषा जुनीच्या आधाराने उचलतं. तो आधार काढला की उरते नुसती घोकंपट्टी. आता फळ्यावर तीन रकाने कायमचे: मराठी, तेलुगू, इंग्रजी. गोंड मुलाने आज चौथा मागितला. गोंडी तेलुगूच्याच द्राविड कुळातली, पण तिचे प्रत्यय मला येत नाहीत. रविवारी त्याच्या आजीला शिकवणीला बोलावलं आहे. ती सांगेल, मुलं लिहितील.