शंभर वर्षांतून एकदा

2005 चा पूर ओसरल्यावर सांगलीच्या गावभागातल्या एका किराणा दुकानदारांनी विचारलं, "सर, असला पूर परत कधी?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 45 फूट. मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो, पुरांच्या नोंदींचं संख्याशास्त्र हा माझा विषय. म्हणालो, "शंभर वर्षांतून एकदा." "म्हणजे आमच्या हयातीत नाही," ते म्हणाले. मी ते खोडलं नाही. माळ्यावर चढवलेला माल त्यांनी पुन्हा खाली मांडला.

शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता. यंदा येऊन गेला म्हणून पुढल्या साली ती घटत नाही. तीस वर्षं दुकान चालवणाऱ्याला तो एकदा तरी गाठण्याची शक्यता सुमारे 26 टक्के. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, आणि तरी मी गप्प बसलो.

दुसरी चूक गणितातच होती. दर वर्षीच्या सर्वांत मोठ्या पुराची मालिका घेऊन मी मोठ्या पुरांची शक्यता काढणारी गुंबेलची पद्धत लावली. सगळी वर्षं एकाच स्थितीतल्या नदीची आहेत, असं ती धरून चालते. पण साठच्या दशकात कोयनेचं पाणी अडलं. पुढे साताऱ्याकडे धोम, कण्हेर ही धरणं झाली. धरणात जागा असेल तर लोंढा तिथंच थांबतो. धरण भरलेलं असेल तर तोच पाऊस दरवाजांतून सुटून कृष्णेत येतो. त्यात हरिपूरला वारणा मिळते. तिलाही पूर असला की सांगलीत पाणी तुंबतं. मी धरणांआधीची आणि नंतरची वर्षं एकत्र मोजली. 2005 ची नोंद त्या पद्धतीच्या रेषेत बसेना, तर अपवाद म्हणून वगळली. खरं तर बदललेल्या नदीबद्दल तीच नोंद सर्वांत जास्त सांगत होती.

2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2021 च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे 594 मिलिमीटर पाऊस पडला आणि सांगलीत पाणी पुन्हा 54 फूट ओलांडून गेलं.

आता मी मालिका धरणांच्या सालांवर तोडतो, आणि उत्तर एका आकड्यात न देता किमान-कमाल अशा मर्यादांत देतो. गावभागात कुणी विचारलं, तर भिंतीवरची 2019 च्या पाण्याची खूण दाखवून माल तिच्या वर ठेवायला सांगतो.