अपोलोचं घर राखताना

पोलंड म्हटलं की कोल्हापूरकडच्या जुन्या मंडळींना वळिवड्याची छावणी आठवते. महायुद्धात घरदार गमावलेली पोलिश बायकामुलं १९४३ ते १९४८ या काळात तिथं राहिली होती. त्याच पोलंडच्या दक्षिण टोकाला, स्लोव्हाकियाच्या सीमेवर, पिएनिनीचे डोंगर आहेत. क्राकोवहून रस्त्यानं इथं येता येतं. पांढऱ्या चुनखडीचे कडे थेट दुनायेत्स नदीत उतरलेले. अरुंद होड्या एकमेकींना बांधून केलेल्या तराफ्यात आपण बसायचं, आणि निळी, भरतकामाची बंडी घातलेला नावाडी लांब काठीनं तो वळणावळणानं पुढं नेतो.

बहुतेक प्रवासी या तराफ्यासाठीच येतात. पण जुलै महिना असेल तर नदीवरूनच परतू नका. 'त्शी कोरोनी', म्हणजे तीन मुकुट नावाचं ९८२ मीटर उंचीचं शिखर आहे, त्याची पायवाट धरा. तिथल्या उन्हाच्या उतारांवर अपोलो नावाचं फुलपाखरू राहतं.

चांगलं सात-आठ सेंटिमीटर रुंद. दुधासारखे पंख, त्यांवर काळे ठिपके, आणि मागच्या पंखांवर काजळाची कड असलेल्या कुंकवाच्या टिकल्या! उन्हात हिंडून हिंडून हे कुंकू नारिंगी होतं. कुणी त्रास दिलाच तर पंख एकदम पसरून ते या लाल टिकल्या दाखवतं आणि पायांनी पंख खरवडून चक्क फुसकारतं. लिनियस या शास्त्रज्ञानं १७५८ साली त्याला ग्रीकांच्या सूर्यदेवाचं नाव दिलं, आणि ते शोभतंही. कारण याचा सगळा संसार उन्हाच्या जोरावर चालतो.

मादी उन्हाळ्यात अंडी घालते. थंडीआधीच आत अळी तयार होते, पण बाहेर येत नाही. अख्खा बर्फाळ हिवाळा ती कवचातच काढते आणि वसंतात बाहेर पडते. अळी काळीभोर, मखमली, अंगावर नारिंगी ठिपके. हिचं खाणं म्हणजे जाड, रसदार पानांचं सेडम. आपण कुंडीत लावतो ती पानफुटी याच कुळातली, बरं का! ऊन असेल तर जेवण, ढग आला की दगडाआड. कोषही फांदीला टांगलेला नसतो, तर जमिनीवरच, विरळशा जाळीत गुंडाळलेला. पंख फुटल्यावर मात्र हे फुलपाखरू जेमतेम दोन-तीन आठवडे जगतं.

त्यातही नराचा संशयी स्वभाव पाहा. मीलन झालं की तो मादीच्या पोटाच्या टोकाशी एक द्रव सोडतो. तो वाळून टणक होतो, म्हणजे दुसऱ्या नराला मज्जाव! हे कुलूप घेऊनच ती बिचारी पुढं अंडी घालत हिंडते.

१९३२ साली या डोंगरात राष्ट्रीय उद्यान झालं. तरीही १९९१ मध्ये इथं अपोलो उरली होती जेमतेम वीस-तीस. हौशी लोक फुलपाखरं पकडून नेत, हे तर होतंच. पण मोठं कारण अगदी साधं होतं. पूर्वी या उतारांवर मेंढ्या चरत, माणसं गवत कापत, त्यामुळं जमीन मोकळी राही. ते थांबलं, झुडपं माजली, झाडांची सावली पडली. सावलीत सेडम टिकेना, आणि सेडम नाही तिथं अळी जगेना. वरून पाहणाऱ्याला डोंगर हिरवागार झालेला दिसत होता, आणि अपोलोचं घर मात्र मोडत होतं.

मग उद्यानाच्या माणसांनी कंबर कसली. अळ्या जपून वाढवल्या, फुलपाखरं डोंगरावर सोडली, झुडपं तोडून उतार उघडे केले, सेडम लावलं. हळूहळू संख्या शेकड्यांवर गेली. पण काम संपलेलं नाही. झुडपं पुन्हा उगवतातच, ती पुन्हा काढावीच लागतात. घर राखणं हे असंच असतं. रोज केलेलं कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, चार दिवस हात थांबला की मात्र सगळ्यांना दिसतं. नुसता 'हात लावू नये' असा फलक लावून अपोलो वाचलं नसतं.

अपोलोची भावंडं आपल्या हिमालयातही आहेत. लडाखला किंवा लाहौल-स्पितीला जाल तेव्हा दुपारच्या उन्हात खडकाळ उतारांवर नजर ठेवा.

पिएनिनीला जाणाऱ्यांनी एवढंच करावं: जुलै असला तरी पिशवीत एक स्वेटर असू द्या, पायांत चांगली पकड असलेले बूट घाला आणि पायवाट सोडू नका. मुलं बरोबर असतील तर त्यांना दगड उलथू देऊ नका. एखाद्या दगडाच्या आडोशाला, जमिनीवरच, कोष निजलेला असेल.