दोन-दोन मापाची बांगडी आणि गिटार



बांगड्यांच्या दुकानात माझं माप दोन-दोन. तेसुद्धा साबण न लावता चढतं. वीत टाकून पट्टीवर मोजली तर साडेसहा इंच भरते, आमच्या ह्यांची साडेआठ. हा हात माझ्या आजीचा. तिच्याकडून आईला आला, आईकडून मला आणि माझ्याकडून धाकट्या लेकीला. या हातांनी शेवया झाल्या, पापड झाले, दशलक्षणातल्या पूजेची ताटं लागली, कुठे काही अडलं नाही. अडलं ते एकदम गिटारपाशी.

भाचा इंजिनिअरिंगला गेला तेव्हा त्याची गिटार आमच्याकडे कोयनानगरला राहिली. अकरा वर्षांच्या धाकटीने ती धरली आणि सोडेना. म्हणून तिला घेऊन एका शहरातल्या क्लासला गेले. सरांनी तिचा हात उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, "बोटं आखूड आहेत हो ताई. दोन-तीन वर्षांनी हात वाढला की आणा. तोवर युकुलेले घेऊन द्या." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. येताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. पाटण गेल्यावर तिने विचारलं, "आई, तुझा हात कधी वाढला गं?"

याला काय उत्तर द्यायचं? माझा वाढलाच नाही. मला चव्वेचाळीस वर्षं पूर्ण झाली आहेत. तिचा वाढून वाढून माझ्याएवढा होणार. म्हणजे "हात वाढल्यावर" याचा आमच्या घरातला अर्थ "कधीच नाही". मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून मूल दोन-तीन वर्षं थांबतं, आणि तोवर त्याची हौस विझून जाते. तेव्हा ठरवलं, की या मापाच्या हाताने हे वाद्य खरंच वाजत नसेल तर ते आधी मी बघेन आणि मग तिला सांगेन.

पहिल्यांदा मेजर टेप काढली. नाचता येईना अंगण वाकडं असं कोणी म्हणेल, पण अंगण खरंच मोठं होतं. पूर्ण मापाच्या गिटारची तार वरच्या नटपासून खालच्या घोडीपर्यंत साधारण 65 सेंटिमीटर असते. मानेवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, त्या फ्रेट. दोन फ्रेटमधलं अंतर सगळीकडे सारखं नसतं. पहिलं घर साडेतीन सेंटिमीटरहून थोडं मोठं, आणि तिथून प्रत्येक घर आधीच्यापेक्षा लहान लहान होत जातं. बाराव्या फ्रेटवर तार बरोबर निम्मी होते. पहिली चार घरं मिळून 13.4 सेंटिमीटर भरतात. तीच चार घरं पाचव्या फ्रेटच्या पुढे मोजली तर जेमतेम 10. आणि शिकवायला सुरुवात कुठून करतात? सगळ्यांत रुंद घरांपासून! मोठ्या हाताला ते जाणवतही नाही. लहान हाताचं मूल मात्र पहिल्याच दिवशी हरतं.

यावर उपाय म्हणजे कॅपो नावाचा चिमटा. दोन-तीनशे रुपयांत मिळतो. तो दुसऱ्या फ्रेटवर लावला की वाजणारी तार 58 सेंटिमीटरची राहते. दुकानात 'थ्री-फोर्थ' म्हणून मुलांची गिटार मिळते तिची तार साधारण एवढीच असते. (पाऊण म्हणतात, पण 65 चे पाऊण काही 58 होत नाहीत. हे नाव कोणी ठेवलं कोण जाणे.) म्हणजे घरात आहे तीच गिटार एका चिमट्याने लहान होते. सूर दोन घरं वर चढतो. एकटीने वाजवताना त्याने काही बिघडत नाही, आणि मूळ पट्टीच हवी असेल तर सगळ्या तारा तेवढ्या उतरवून लावायच्या. तारा सैल झाल्या की दाबायलाही सोप्या जातात. हे कळल्यावर मला चिमटे आणि कपडे सोडून दुसरं काही सुचेना, इतका आनंद झाला होता.

बांगडीवाला कधी कुणाला "हात वाढवून या" म्हणतो का? तो दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा अशी मापं मांडून ठेवतो. व्हायोलिनवाल्यांकडेही मुलांसाठी पाव, अर्धी, पाऊण अशी मापं पूर्वीपासून आहेत. माझं माहेर सांगलीकडचं. मिरजेच्या सितारमेकर गल्लीत लहानपणी भोपळे टांगलेले पाहिलेत. त्या मिरजेच्या सतारींना आणि तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा माहेरी सगळ्यांना कोण अभिमान वाटला! तिथे गाणाऱ्या बाईचा तानपुरा वेगळा आणि पुरुषाचा वेगळा करतात, बाईचा आखूड. आता हे हातासाठी नाही, सुरासाठी आहे. बाईची पट्टी उंच, म्हणून तार लांबीला कमी. पण मुद्दा तोच. गाणाऱ्याप्रमाणे वाद्य घडवायचं, हे आपल्याकडच्या कारागिराला कुणी शिकवावं लागलं नाही.

हाताचा आकार अजिबात आड येऊ नये असाही एक प्रकार आहे. गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि तारेवरून धातूची कांडी सरकवायची. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी तशी गिटार शास्त्रीय संगीतात आणली, पंडित विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणाही तशीच वाजते. पण धाकटीला कॉर्ड हव्या होत्या, मैत्रिणी गात असताना साथ देता येईल अशा. आणि फक्त दोन धड बोटांवर जगाला वेड लावणारे जँगो राइनहार्ट होऊन गेले. 1928 मध्ये त्यांच्या गाडीला आग लागून डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती. तिला हे सांगितलं तर तिने आपली दहा बोटं पुढे धरून मोजून दाखवली.

आता आपल्या घरांत हमखास निघणारा प्रश्न. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "अगं, ह्यात कातडं-बितडं नाही ना?" विचारलं ते बरंच केलं, कारण मीही मग नीट माहिती काढली. नायलॉनच्या तारांच्या ज्या क्लासिकल गिटार असतात, त्यांना पूर्वी आतड्याच्या तारा लावत. खालच्या जाड तारा रेशमावर धातू गुंडाळून केलेल्या असत. म्हणजे दोन्हीकडून आपल्याला अडचण. 1940 च्या दशकात न्यूयॉर्कला अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा तयार केल्या, थोर गिटारवादक सेगोव्हिया यांनी त्या वापरल्या आणि आतडं मागे पडलं. भाच्याची गिटार पोलादी तारांची, तिथे हा प्रश्नच नाही. पण दोन जागा बघून घ्या. तारा ज्यावर टेकतात तो नट आणि घोडीतली पट्टी महागड्या गिटारमध्ये हाडाची असते, साध्यात प्लॅस्टिकची. दुकानदाराला "बोन आहे की प्लॅस्टिक" असं सरळ विचारायचं. मानेवरचे चमकते ठिपके कधी शिंपल्याचे असतात. पट्टा कातड्याचा देतात तो परत करून सुती मागून घ्यायचा. तबल्याच्या पुडीचं मग काय, असं कोणी मला विचारेल. विचारावंच, आमच्या जेवणाच्या टेबलावर त्याची चर्चा अजून चालू आहे.

सरावाला वेळ कुठून काढलास, हेही पुष्कळ जणी विचारतात. आपल्यासारखा वेळ कोणाकडे आहे? सूर्यास्तापूर्वी जेवणं झाली की ओटा पुसून स्वयंपाकघर बंद. शेजारणी साडेआठला कुकर लावतात तेव्हा आपण मोकळ्या. सामायिक 48 मिनिटांचं, म्हणजे दोन घडी. त्याच्या निम्मी एक घडी, 24 मिनिटं, मी गिटारला दिली. त्याहून जास्त नाही. सुरुवातीला बोटांची टोकं चांगलीच दुखतात, काही आठवड्यांत घट्टे पडतात आणि ती दुखणी थांबतात. मनगट किंवा अंगठ्याचा सांधा दुखला तर मात्र लगेच थांबायचं. बोटं लांब व्हावीत म्हणून ती ओढणं, ताणणं हे प्रकार तर करूच नयेत. बोटाची लांबी वाढत नसते. दोन बोटांमधली जागा हळूहळू मोकळी होते, आणि तेवढी पुरते.

खरा फरक पडला तो बसण्याने. सोफ्यावर रेलून गिटार मांडीवर आडवी घेतली की मान लांब जाते आणि हात पोचत नाही. मी खुर्चीच्या कडेला बसते, डाव्या पायाखाली जेवायचा पाट घेते, गिटार डाव्या मांडीवर ठेवते आणि तिची मान वर उचलते. हात आपोआप फ्रेटजवळ येतो. अंगठा वरून डोकावू द्यायचा नाही, मानेच्या मागे मधोमध टेकवायचा. मोठे हातवाले वरून अंगठा काढून वाजवतात ते बघून शिकू नये. अंगठा खाली गेला की करंगळी अर्धा-पाऊण इंच पुढे सरकते, करून बघा. डाव्या हाताची नखं पूर्ण कापलेली हवीत. उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या लाकडावर घासतात, त्या एका घडीपुरत्या उतरवून ठेवायच्या. सासूबाईंना ते आवडलं नव्हतं. आता त्याच वाटी पुढे करतात.

पहिले दोन आठवडे आम्ही दोघी पाचव्या फ्रेटच्या पुढे एकेक बोट ठेवून नुसते सूर काढत होतो. मग एकेक घर खाली आलो. एफ नावाची एक कॉर्ड आहे, तिथे भलेभले गिटार गुंडाळून ठेवतात, कारण एका बोटाने सहाही तारा दाबायच्या असतात. लहान हाताने ती पूर्ण घ्यायचा हट्टच करू नये. खालच्या चार तारा घ्या आणि वरच्या दोन वाजवू नका. ऐकणाऱ्याला तोच स्वर कळतो. हे फसवणं नाही, अनेक वादक असंच वाजवतात. आणि नटच्या खाचा उंच असतील तर पहिल्या घरात तार दाबायला दुप्पट जोर लागतो. त्या कारागिराकडून खाली करून घेता येतात. दोष बोटांचा आहे की खाचांचा, हे क्लासमध्ये कुणी तपासून पाहिलं नव्हतं.

इथला पाऊस ही एक वेगळीच परीक्षा. बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही, पण वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. धरण भरत आलं की सगळं गाव टीएमसीमध्ये बोलतं आणि घरात मीठसुद्धा पाणी सोडतं. लाकूड फुगतं, तारा फ्रेटपासून उचलल्या जातात आणि मे महिन्यात सोपी वाटलेली कॉर्ड ऑगस्टमध्ये पुन्हा अवघड होते. बुरशी धरू नये म्हणून चातुर्मासात आपण धान्य-मसाल्यांना जपतो, तसंच गिटारलाही जपलं. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, आठवड्याला बदलल्या आणि गिटार भिंतीला टेकवली नाही.

दशलक्षणात आमच्या चार घरांच्या संध्याकाळच्या भक्तीला धाकटीने साथ केली. कॅपो दुसऱ्या फ्रेटवर, चार कॉर्ड, एफ छोटी. भक्तामर वसंततिलकेत, एका चरणात चौदा अक्षरं. त्यात तिचा हात कुठे पडायचा हे तिने स्वतःच मोजून ठरवलं होतं. अठ्ठेचाळीसपैकी अकरा श्लोकांना तिने साथ दिली आणि मग बोटं झटकत थांबली. पुढचे आम्ही नुसते म्हटले. सासूबाई शेवटपर्यंत तिच्या डाव्या हाताकडेच बघत होत्या. रात्री मला म्हणाल्या, "हात तुझाच घेतलाय हिने."

दिवाळीनंतर कॅपो पहिल्या फ्रेटवर आणायचा बेत आहे. बी मायनर मला अजून येत नाही, तिला येते. त्याआधी नटच्या खाचा खाली करून घ्यायच्या आहेत. सांगली-मिरजेकडे सतारीबरोबर गिटारचंही काम करणारा, आणि हाडाऐवजी प्लॅस्टिकचा नट बसवून देणारा कारागीर कोणाच्या माहितीत असेल तर मला जरूर कळवा. कार्तिक अष्टान्हिकेला माहेरी जायचं आहे, तेव्हा गिटार बरोबर घेईन.