फादरांना न धाडलेले पत्र

२५ जुलै २०२४ ला वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. इंदापूरच्या शाळेत बातमी वाचून आम्ही उर्दू माध्यमाची शिक्षकमंडळी गप्पच झालो.

बारामतीत बी.एड. करताना आम्हाला एक प्रश्न ठरलेला असे, 'उर्दूवाले तुम्ही, मराठीत कशाला लिहिता?' फादर २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू म्हणून त्यांनाही विरोध झालाच. ज्याने 'सुबोध बायबल' मराठीत आणले, वसईच्या हिरवाईसाठी गुंडांशी झुंज घेतली, त्याला! पाठीच्या दुखण्याने बेजार असूनही ते आले, बोलले.

तेव्हाच त्यांना पत्र लिहायचे आम्ही ठरवले. कच्चा मसुदा झालाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर काय म्हणतील, या धास्तीने तो टेबलाच्या खणातच राहिला.