मूळ नक्षत्रावरची मुलगी

मैत्रिणींनो, लग्नाच्या बोलण्यात पत्रिका हाती आली की आपली नजर आधी कुठे जाते? मंगळावर, आणि मग नक्षत्रावर. आश्लेषा असेल तर सासूला वाईट, मूळ असेल तर सासऱ्याला! माझ्या नणंदेच्या मुलीची दोन चांगली स्थळं याच कारणाने परत गेली. पोरगी शिकलेली, गुणी. पण आता पाहुणे यायचे म्हटलं की तिचा चेहराच उतरतो.

म्हणून म्हणते, ते मूळ नक्षत्र एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा तर खरं! मे महिन्यात, अवसेच्या आसपास, रात्री बाराच्या सुमारास गच्चीवर या. नाहीतरी आमच्या मोहाडीला उकाड्याने झोप कुठे लागते! दिवे मालवा, पंधरा-वीस मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. दक्षिणेला, थोडा आग्नेयेकडे, विंचवाचा आकडा दिसेल. त्याची नांगी म्हणजे मूळ नक्षत्र. तिच्याजवळून धुरकट पट्टा गेलेला दिसतो, ती आपली आकाशगंगा.

आपली पृथ्वी, सूर्य, सारे तिच्यातच आहोत. मग ती पट्ट्यासारखी का दिसते? मी अर्धवेळ शिकवते, तिथे मुलं हेच विचारतात. मी सांगते, धानाच्या बांधीत खाली बसा. आजूबाजूला पाहिलं तर धानच धान, वर पाहिलं तर मोकळं. आकाशगंगाही तशीच चपटी, पसरट. पसरटीच्या दिशेने पाहिलं की ताऱ्यांची दाटी दिसते. तारे किमान १० हजार कोटी! या कडेपासून त्या कडेला जायला प्रकाशाला सुमारे १ लाख वर्षं लागतात.

आणि तिचा मध्य कुठे, ठाऊक आहे? हात लांब करून मूठ धरा. नांगीपासून साधारण एक मूठ वर, जरा डावीकडे. तिथे धुळीचे ढग आड येतात, म्हणून डोळ्यांना तो दिसत नाही. रेडिओ लहरी मात्र धुळीतून आरपार येतात. पुणे जिल्ह्यात खोडदला ३० प्रचंड अँटेना अशाच लहरी टिपतात. त्या मध्यात ४० लाख सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर आहे; २०२२ साली त्याचं चित्र जगाने पाहिलं. सूर्य आपल्या साऱ्या गोतावळ्यासह या मध्याभोवतीच फिरतो.

मूळ नक्षत्रावर जन्म म्हणजे काय, तर त्या दिवशी चंद्र त्या दिशेला होता, एवढंच. चंद्राचा प्रकाश सव्वा सेकंदात येतो, त्या ताऱ्यांचा यायला शेकडो वर्षं लागतात. दर महिन्याला एखादा दिवस चंद्र तिथे असतोच. अशा एका दिवशी जगभर तीन लाखांवर बाळं जन्मतात, त्यांत निम्म्या मुली. त्या साऱ्यांच्या सासऱ्यांचं काय हो?

गावातल्या दिव्यांमुळे पट्टा दिसला नाही, तर निराश होऊ नका. नागपूर जिल्ह्यातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरला. तिथल्या गावांतले रस्त्यावरचे दिवे जमिनीकडे वळवले आहेत. आपल्या अंगणातल्या दिव्यालाही वरून झाकण बसवता येतं.

भाचीला मी हे सारं गच्चीवर दाखवलं. बराच वेळ ती गप्प होती, मग म्हणाली, "मामी, हे त्या लोकांना कोण सांगणार?"

आपणच सांगायचं! उद्या तुम्हीही सून पाहाल. पत्रिकेत मूळ नक्षत्र दिसलं, तर ती बाजूला ठेवण्याआधी एक रात्र गच्चीवर जाऊन या, आणि मग त्या मुलीला भेटा.