सुईतला 'सु'

उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमात आमच्या गावातल्या नऊ बायका माझ्याकडे आल्या. मोहोळ तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा. वर्ग रात्री साडेआठला, भाकऱ्या थापून, भांडी घासून झाल्यावर. पहिले पंधरा दिवस मी अ-आ-इ गिरवून घेतलं. दिवसभर खुरपून आलेल्या बायकांना डुलक्या लागायच्या. जीव तुटायचा माझा, कारण चूक त्यांची नव्हती.

त्यातल्या एक मावशी गावातल्या बायकांचे झंपर शिवायच्या. एकदा त्यांच्या घरी गेले, तर खुंटीवरच्या पिशवीत दोऱ्याच दोऱ्या. दर गिऱ्हाइकाची वेगळी दोरी. टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत बाही, दुसरीपर्यंत उंची, तिसरीपर्यंत छाती. दोरी कुणाची हे कळावं म्हणून तिच्याच कापडाची चिंधी बांधलेली. टेप गळ्यात होता. "आकडं कळत न्हाईत, बाई. पण टेप असला की गिऱ्हाईक इस्वास ठेवतंय."

दुसऱ्या रात्री मी पुस्तक मिटलं आणि तो टेप मधे ठेवला. एका इंचाचे आठ सूत. चार सूत म्हणजे अर्धा, दोन म्हणजे पाव. चौथीच्या पोरांना शिकवताना माझा घसा बसतो, तो अपूर्णांक बायकांनी दोन रात्रींत धरला. दोन सूत चुकलं की बाही काचते, हे त्यांना आधीच ठाऊक होतं.

अक्षरं त्यानंतर. मावशींना सही यायची. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा, 1988 च्या राष्ट्रीय साक्षरता अभियानानंतर, गावात वर्ग निघाला होता. तिथली ती सही त्या तीस वर्षांवर रांगोळीसारखी काढत आल्या होत्या. त्यांच्या नावातला 'सु' सुईत आहे, सुतातही आहे, हे फळ्यावर दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ गप्पच होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे माझं नाव मलाच वाचाया येत नव्हतं की."

परीक्षा 17 मार्च 2024 ला, ऐन ज्वारीच्या काढणीत. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी 50 गुण. बरं, दिवसभरात सवडीनं येता येत होतं. दुपारी रानातून थेट, डोक्याचा फडका सोडत सातजणी आल्या आणि सातही उत्तीर्ण झाल्या. दोघी मजुरीला परगावी होत्या, त्यांचं राहिलं.

उल्लासच्या पाच घटकांत व्यवसाय कौशल्यही आहे. पण आमच्याकडे शिलाईचं प्रशिक्षण वेगळ्या वाटेनं येतं, आणि जिला अर्ज भरता येतो तिलाच तिथं जागा मिळते. ज्या बाईला त्याची सगळ्यात जास्त गरज, ती दाराबाहेरच राहते. हे मला पटत नाही.

रात्रीचे वर्ग घेणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. पाटी-पेन्सिल वाटण्याआधी एकदा प्रत्येकीच्या घरी जाऊन या, आणि तिच्या हातात रोज काय असतं ते बघा.